वादळस्वार आणि सरांची पाठ

"शुक्रवारी सकाळी जग बदलणार आहे, बाई! माझं वाक्य लक्षात ठेवा!" सर म्हणाले.

"जग बदलेल तेव्हा बदलेल हो, सर. आधी मी गिअर बदलू का?" स्टिअरिंगला घोरपडीसारख्या चिकटलेल्या बँकेतल्या बाईंनी विचारलं. गाडी केव्हाची पहिल्या गिअरमध्ये रडत होती.

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. उभी नोकरी त्यांनी शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून काढली होती. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकची त्यांना इतकी सवय झाली होती, की घरी सोफ्यावर बसलेले असताना बायको जरा वरच्या पट्टीत बोलली तरी त्यांचा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. मुळातच स्वभाव घाबरट, त्यात धंदा हा असा! शाळेत असताना लपंडावसुद्धा त्यांनी कधी मोकळ्या मनानं खेळला नव्हता. कुणी शोधलंच नाही तर काय घ्या! आणि असा हा माणूस गेली दोन वर्षं भेटेल त्याला एकाच खेळाबद्दल सांगत सुटला होता. वादळस्वार!

वादळस्वार हा व्हिडिओ गेम होता. होता म्हणजे, व्हायचा होता. त्यात म्हणे प्रत्येक झाडाच्या प्रत्येक पानाला स्वतःची सावली असणार होती. घोड्याला स्मरणशक्ती असणार होती. आज तुम्ही त्याच्याशी वाईट वागलात, तर पुढे कधीतरी तो बरोबर चिखल बघून तुम्हाला पाडणार! लांबवर डोंगर दिसला की त्यावर चढता येणार, नदी दिसली की पोहता येणार, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस तुमच्याशी काहीतरी नवंच बोलणार! सरांना हे सगळं तोंडपाठ होतं. बँकेतल्या बाईंना क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे अजून नीट उमगलं नव्हतं, पण वादळस्वारमधल्या घोड्यांच्या जाती त्यांनी झोपेत धडाधडा सांगितल्या असत्या.

हा नाद सरांना लागला तो खारूमुळे. खारू ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी दोन्ही गाल फुगवून खात बसायची म्हणून खारूताई, पुढं नुसतीच खारू. कळती झाल्यावर एके दिवशी तिनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि त्यानंतर आतून फक्त 'हं', 'नको' आणि 'माहीत नाही' एवढेच शब्द बाहेर येऊ लागले. सरांचं धाबं दणाणलं. आपलं काही चुकलं का? हिला कुणी काही बोललं का? पाण्याचा ग्लास, फोनचा चार्जर, पंखा नीट चालतोय ना, अशी एकेक निमित्तं काढून ते दारात घिरट्या घालायचे. असेच एकदा आत डोकावले, तर तिच्या फोनवर घोडे दौडत होते आणि विजा कडाडत होत्या.

"हे काय गं?"

"वादळस्वार. नवीन गेम येणारे कुठलातरी."

पूर्ण वाक्य! कर्ता आणि क्रियापदासकट! सरांना भरून आलं. त्याच रात्री त्यांनी वादळस्वारचा अभ्यास सुरू केला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "काय गं, त्या घोड्यांना खरंच आठवण राहते म्हणे?" खारूनं मान वर केली. बोलली! झालं. तेव्हापासून बापलेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते याच एका खुंटीला टांगलेलं होतं. नवं ट्रेलर आलं की दोघं मिळून बघायची. गेम पुढं ढकलला गेला की दोघं मिळून हळहळायची. तो इतक्या वेळा पुढं ढकलला गेला की सरांना हळहळायचीही सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ती सवय त्यांना फार आवडायला लागली.

आणि आता तो शेवटी येत होता. येत होता तो नेमका खारूच्या परीक्षेच्या तोंडावर!

"परीक्षा संपेपर्यंत त्या घोड्यांनी या घरात पाऊल टाकायचं नाही," खारूच्या आईनं बजावून सांगितलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचायच्या, त्यामुळं घरी आली तरी ती सुई तिच्या नजरेत असायचीच. सरांचा पाय फरशीवर दाबला गेला.

पण मन काही ऐकेना. पोरीनं इतकी वाट पाहिली, आणि आता मागवलेल्या गेमचा खोका कपाटात बंद ठेवायचा? ती पुन्हा दार लावून बसली तर? गुरुवारी संध्याकाळी बायको अंघोळीला गेल्याचं बघून ते खारूच्या खोलीशी गेले आणि कुजबुजले, "उद्या तुला अभ्यासाची सुट्टीच आहे. आई लॅबमध्ये. मी रजा टाकतो. फक्त तासभर! कुणाला कळणार नाही."

खारू क्षणभर त्यांच्याकडं बघतच राहिली.

"चालेल," ती म्हणाली.

आनंदानं गळा दाटला असणार, सरांनी मनाशी म्हटलं.

आता घोडं पेंड खात होतं ते इथंच, की शुक्रवारी बँकेतल्या बाईंची लायसनची परीक्षा होती. बाई या परीक्षेत आधी नापास झालेल्या होत्या, आणि एकदा तर परीक्षकाला घाम फोडून. त्यांना ऐनवेळी सोडून रजा कशी मागायची? साधा थंडीताप सांगून भागणार नव्हतं. शुक्रवारी सकाळी बायकोची पाठ वळताच सरांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमना फोन लावला. शाळेच्या त्या मालकीण. कनवाळू, पण कनवाळूपणातसुद्धा हेडमास्तरीणबाईंसारखा जोर!

"मॅडम… आई गं… मी बोलतोय. पाठीत उसण भरलीय हो. उठताच येत नाहीये. उभाच राहता येत नाहीये!"

हे बोलताना ते ताठ उभे होते आणि मोकळ्या हातानं खोका फोडत होते.

"अगं बाई! हलू नका, सर! अजिबात हलू नका! बाईंबरोबर मी स्वतः जाते. आणि तुमचं काय करायचं ते मी बघते."

"तुम्ही कशाला बघता, मॅडम…"

फोन बंद झाला होता. 'मी बघते' हे शब्द सरांच्या कानात माशीसारखे घोंगावत राहिले. पण समोर टीव्हीवर वीज चमकली, आणि ते खारूला हाक मारायला धावले.

आधी अपडेट आलं. पडद्यावरची ती निळी पट्टी अशी सरकत होती, जशी नवशिक्यानं चढावर सोडलेली गाडी! जरा पुढं, मग गचका, मग थांबली ती थांबलीच. सरांनी नखं कुरतडली. उठून दाराची कडी तपासली. खिडकीतून खाली बघितलं. परत येऊन कडी तपासली.

"बाबा, बसा ना."

"बसलोय की!" उभे असलेले सर म्हणाले.

शेवटी खेळ सुरू झाला! ढग गडगडले, ढोल वाजले, काळ्या कड्यावर काळा घोडा दोन पायांवर उभा राहिला. सरांच्या अंगावर काटा आला. नगराचं भलंथोरलं दार कुरकुरत उघडलं. "चल!" सरांनी कंट्रोलर खारूच्या हातात दिला. खारूनं टाच मारली.

आणि घोडा उलटा चालायला लागला.

"रिव्हर्स पडलाय," सर सवयीनं म्हणाले.

"नाही बाबा, मी पुढचंच बटण दाबलंय."

घोडा शेपटी पुढं करून, अगदी ऐटीत, नगरात शिरला. रस्त्यावर पानांच्या सावल्या होत्या. एकेका पानाची वेगळी सावली, कबूल केल्याप्रमाणं! फक्त वर झाडांना पानंच नव्हती. समोरून एक पाणक्या आला. त्याची मिशी त्याच्या चेहऱ्यापासून हातभर पुढं, हवेत चालत होती.

"आज वारा फार आहे, प्रवासी!" पाणक्या म्हणाला.

मागून एक म्हातारी आली. तिला तोच चेहरा, आणि बिचारीला मिशीही तीच.

"आज वारा फार आहे, प्रवासी!"

मग पहारेकरी, मग राजपुत्र, मग पाळण्यातलं तान्हं बाळ. वारा सगळ्यांनाच फार होता! खारूनं डोंगराच्या दिशेनं घोडा काढला, म्हणजे घोड्याची पाठ काढली. डोंगर जवळ आला आणि घोडा त्यावर धाडकन आपटला. तो डोंगर नव्हताच, आभाळाला चिकटवलेलं चित्र होतं. त्या धक्क्यानं घोड्यावरचा वीर उडाला तो थेट विहिरीच्या कठड्यात कंबरेपर्यंत रुतला. काही केल्या निघेना.

 सरांनी हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून पोरीकडं पाहिलं. नेमकं त्याच क्षणी तीही हळूच त्यांच्याकडं बघत होती.

"भारी आहे!" सर घाईघाईनं म्हणाले.

"खूपच भारी!" खारू त्याहून घाईघाईनं म्हणाली.

"विहीर बघ ना काय खरी वाटते!"

"हो ना. दगड न् दगड."

"आणि मिशी म्हणजे… काहीतरी नवीनच केलंय!"

"वेगळाच प्रयोग आहे, बाबा."

 गेम भिकार होता, हे सरांना कळत होतं. पण हा गेम भिकार निघाला तर उद्या जेवताना बोलायचं काय? परवा काय? दोन वर्षं ज्या खुंटीला सगळं टांगलं ती खुंटीच जर भिंतीतून निघून हातात आली, तर पुन्हा आपलं 'हं', 'नको' आणि 'माहीत नाही'! छे, छे! काही झालं तरी गेम भारीच असायला हवा!

"आता तू विहिरीतून उडी मारून बघ," ते उसन्या उत्साहानं म्हणाले, आणि दारावरची बेल वाजली.

दोघं दगडासारखी थिजली.

"आई?" खारू कुजबुजली.

"आईकडं किल्ली आहे."

बेल पुन्हा वाजली. बाहेरून दमदार आवाज आला, "सर! उठू नका! मी ताईचा भाऊ! ताईनं पाठवलंय मला. पाठीसाठी!"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमचा धाकटा भाऊ फिजिओथेरपीचा डॉक्टर होता. नुकताच दवाखाना थाटून पेशंटची वाट बघत बसलेला. 'मी बघते'चा अर्थ हा होता तर!

"टीव्ही झाक!" सर ओरडले, तेही कुजबुजतच, आणि सोफ्यावरून सूर मारून सतरंजीवर आडवे झाले. खारूनं गडबडीत टीव्हीवर टॉवेल टाकला, कंट्रोलर उशीखाली सारला आणि चेहरा शक्य तितका दुःखी करून दार उघडलं.

डॉक्टर दारात मावत नव्हता. पंजे असे, की त्यानं नमस्कार केला तरी समोरच्यानं दोन पावलं मागं सरकावं. "कुठं दुखतंय, सर?"

"इथं," सरांनी डावीकडं बोट दाखवलं.

डॉक्टरनं दाबलं. "इथं?"

"आई गं! हो!"

"आणि इथं?" त्यानं उजवीकडं दाबलं.

"आई गं! तिथंच!"

"आत्ता तर डावीकडं म्हणालात."

"ते… ते सरकतं," सर सुचेल ते बोलून गेले.

डॉक्टरचा चेहरा एकदम गंभीर झाला. गंभीर, आणि थोडासा आनंदीही. दवाखाना उघडल्यापासून इतका नामी पेशंट त्याला मिळाला नसावा. "सरकतं? म्हणजे मणक्यातली गादी सरकली!" त्यानं लगोलग फोन काढला. "ताई, केस साधी नाही. गादी सरकल्यासारखी वाटतेय. घरच्यांना कळवून टाक."

"घरच्यांना नको!" सर दोन्ही कोपरांवर उठत किंचाळले.

"बघा, झोपल्याजागी किती कळ आली," डॉक्टरनं त्यांना एका बोटानं परत आडवं केलं, आणि जवळच्याच उशीवर मांडी ठोकून बसला.

"आज वारा फार आहे, प्रवासी!"

डॉक्टर दचकला. "कोण बोललं?"

"शेजारचे काका," खारू म्हणाली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"शेजारचे काका प्रवासी म्हणतात?"

"ते… फार फिरलेत."

"आज वारा फार आहे, प्रवासी! आज वारा फार आहे, प्रवासी!" टॉवेल बोलायला लागला. डॉक्टर ज्या ज्या बाजूला कलत होता त्या त्या बाजूचं बटण दाबलं जात होतं. शेवटी टॉवेलला आपलंच ओझं झालं आणि तो घसरून खाली पडला. पडद्यावर विहिरीत रुतलेला वीर गरागरा फिरत होता, आणि त्याच्याभोवती सगळं नगर जमून वाऱ्याची तक्रार करत होतं.

 सरांचा पाय सतरंजीवर करकचून दाबला गेला, पण हे प्रकरण त्या ब्रेकनं थांबणारं नव्हतं.

"अरे, गेम!" डॉक्टरनं उशीखालून कंट्रोलर काढला. त्याला संशयबिंशय काही आला नाही. उलट डोळे चमकले. "मन रमवायला चांगलं असतं हं दुखण्यात. कुठला हा? वादळस्वार? तो गाजावाजा झालेला?" त्यानं वीराला खेचून बाहेर काढलं, घोड्यावर बसवलं आणि टाच मारली. "हा घोडा उलटा का चालतोय?"

"तो तसाच असतो," सर म्हणाले.

"त्याची ती स्टाइल आहे," खारू म्हणाली.

"आणि मिशी कुणाची ही? मालक कुठंय तिचा?" डॉक्टर पोट धरून हसायला लागला. "काय भिकार गेम आहे हो! इतकी वर्षं डांगोरा पिटून हे? अहो, माझ्या दवाखान्याचा कम्प्युटर याहून बरा चालतो!"

 सरांना वाटलं, उठावं आणि या माणसाचं तोंड दाबून धरावं. मनातलं सगळं त्यानं भडाभडा बोलून टाकलं होतं, तेही पोरीसमोर! आणि पोर तर खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होती.

"चांगला आहे गेम," सर क्षीण आवाजात म्हणाले. "समजून घ्यावा लागतो."

"असेल. चला, आधी तुमची गादी जागेवर आणू." डॉक्टरनं बाह्या सरसावल्या. "कुशीवर व्हा. गुडघा पोटाशी. एक छोटासा झटका देतो."

"झटका नको! आता बरं वाटतंय! अगदी ठणठणीत वाटतंय!"

"पेशंट असंच म्हणतात," डॉक्टर मायेनं म्हणाला आणि झटका दिला.

कट्ट!

सरांनी जी आरोळी ठोकली तिच्यापुढं वादळस्वारमधला गडगडाट म्हणजे डासाची गुणगुण! ही आरोळी मात्र खरी होती. डोळ्यांपुढं काजवे चमकले. उठायला गेले तर कंबर ढिम्म हलेना. सकाळपासून जे सोंग आणलं होतं ते आता इमानेइतबारे खरं झालं होतं.

"बरा वेळेवर आलो मी!" डॉक्टर घाम पुसून पुन्हा कंट्रोलर उचलत म्हणाला. "आणखी उशीर झाला असता ना, तर तुम्हाला उठता आलं नसतं."

"आत्ता कुठं येतंय!" सर विव्हळले.

एवढ्यात कुलपात किल्ली फिरली. खारूची आई लॅबमधला पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून धावत आली होती. डोळ्यांत पाणी, केस विस्कटलेले. "काय झालं हो तुम्हाला? मॅडमचा फोन आला, गादी सरकली म्हणून! मी तशीच…"

तिची नजर सतरंजीवर गेली. मग डॉक्टरच्या हातातल्या कंट्रोलरवर. मग फोडलेल्या खोक्यावर. मग टीव्हीवर.

"आज वारा फार आहे, प्रवासी!" म्हातारीनं तिचं स्वागत केलं.

डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. त्या जागी ती सुई आली.

"पाठीला काय झालंय यांच्या?" तिनं डॉक्टरला विचारलं.

"आता खरंच लचकलीय," डॉक्टर म्हणाला, आणि 'आता खरंच' या शब्दांवर आपलं आपणच विचारात पडला.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. मॅडम! बायकोनं तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"सर! बोलू नका, नुसतं ऐका! बाई पास झाल्या! या वेळी एका फटक्यात! परीक्षक म्हणाले, इतकी शांत गाडी आज कुणीच चालवली नाही!"

"अरे वा!" सरांना तेवढ्यातही हुरूप आला. "शेवटी शिकवणं कुणाचं!"

"हो ना! बाई म्हणाल्या, आज शेजारी सर नव्हते ना, म्हणून भीतीच वाटली नाही. सारखा ब्रेक लागत नव्हता म्हणे! बरं, तुम्ही आता निवांत पडून राहा. घाई करून येऊ नका. आम्ही चालवून घेऊ."

फोन बंद झाला. 'चालवून घेऊ'! सरांना पाठीपेक्षा हे जास्त लागलं. पण हळहळायला सवड नव्हती. बायको कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"ही कुणाची कल्पना?"

"माझीच," सर म्हणाले. "पण पोरीची फार इच्छा होती गं. दोन वर्षं जीव टाकला तिनं त्या गेमवर. तिला ओरडू नकोस."

खारूनं झटकन मान वर केली. "माझी इच्छा? आई, मला परीक्षेचंच टेन्शन आलं होतं! बाबांना इतका हवा होता म्हणून मी हो म्हटलं. ते रोज जेवताना तेच बोलायचे. नाही म्हटलं असतं तर किती वाईट वाटलं असतं त्यांना!"

"मला?" सर मान वळवायला गेले आणि कळवळले. "अगं, मला कशाला हवा असेल? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! तूच नाही का तेव्हा फोनवर बघत होतीस? घोडे, विजा?"

"बाबा, ती जाहिरात होती."

"म्हणजे?"

"मी दुसराच व्हिडिओ बघत होते. मध्ये ती जाहिरात आली. ती पुढं ढकलता येत नव्हती."

सर छताकडं बघत राहिले. घोड्यांच्या जाती, घोड्यांची स्मरणशक्ती, पानापानाची सावली! सगळं त्यांनी घोकलं होतं, ते एका पुढं न ढकलता येणाऱ्या जाहिरातीपायी?

"म्हणजे," बायको एकेक शब्द मोजून म्हणाली, "यांनाही नको होता आणि तुलाही नको होता. आणि त्या नको असलेल्या गोष्टीसाठी तुम्ही दोघं मिळून माझ्याशी खोटं बोललात? अहो, एकाला जरी आवडला असता ना, तरी मी समजून घेतलं असतं!"

 डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाला, "मी एकदा तो डोंगर बघून येऊ का?" आणि बायकोनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की त्यानं कंट्रोलर मुकाट्यानं खाली ठेवला. पट्टा आणि मलम दवाखान्यात होतं. ते आणायला ती त्याच्यासोबत निघाली, कारण त्याला एकट्याला परत येऊ द्यायची तिची तयारी नव्हती. "हे इथून हलता कामा नयेत," जाताना डॉक्टरनं बजावलं. "संध्याकाळपर्यंत असेच सपाट पडू द्या. उठवून बसवायचं नाही की उभं करायचं नाही."

दार लागलं. खारूनं टीव्ही बंद केला. वारा एकदाचा थांबला.

घर एकदम रिकामं रिकामं वाटायला लागलं. सर सतरंजीवर सपाट, नजर पंख्यावर. आता ही उठणार, सरांना वाटलं. आता ही आपल्या खोलीत जाणार आणि दार लावून घेणार. लावेल नाहीतर काय करेल? वादळस्वार संपला. त्यांचा पाय ब्रेकसाठी हलला आणि कंबरेतून अशी कळ गेली की तोही गपगार पडला.

पण खारू उठली नाही. ती तिथंच, त्यांच्या डोक्याशी, पाय जवळ घेऊन बसून राहिली.

"बाबा, खरंच भिकार होता ना?"

"फारच गं."

"बाळाला मिशी बघितली तुम्ही?"

"बघितली. मी म्हटलं, तू काही बोलत नाहीस, तर मी कशाला बोलू!"

खारू फिसकन हसली. सरही हसायला गेले, पण पाठीनं परवानगी दिली नाही, त्यामुळं नुसतेच नाकातून फुसफुसले.  सरांनी बरीच मनाची तयारी केली, घसा खाकरला आणि जो प्रश्न त्यांना तेव्हा दारात उभं राहून सुचला नव्हता तो आता विचारला.

"मग तू तेव्हा बघत काय होतीस? म्हणजे, त्या जाहिरातीच्या आधी?"

"सांगितलं तर हसाल."

"मला हसता येत नाहीये. डॉक्टरची कृपा."

खारूनं जरा वेळ दोरा ओढला. "पूल," ती म्हणाली.

"कसले पूल?"

"पडलेले. पूल का पडतात, त्याचे व्हिडिओ असतात. कुठं चुकलं, कुठला भाग आधी तुटला, कुणाच्या ते लक्षात कसं आलं नाही. मला खूप आवडतं ते. मला ना, बाबा, पुढं तेच करायचंय. पूल बांधायचेत."

सर थक्क झाले. हे या घरात, भिंतीपलीकडं, इतके दिवस चाललं होतं? आणि लगेचच त्यांच्या मनात दुसरा विचार आला आणि अंगाला दरदरून घाम फुटला. "खारू, आपल्या नदीवरचा पूल! मी रोज शिकवणीची गाडी घेऊन जातो त्याच्यावरून. मध्यावर गेलं की गाडी थडथड उडते. आणि समोरून ट्रक आला ना, की तो पूल हलतो! मला पायाला कळतं. पडेल का गं तो?"

"नाही हो, बाबा!" खारूचा चेहरा असा उजळला, जसा सरांनी वादळस्वारच्या दोन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. "हलतो ते चांगलंच आहे. त्याला हलायला जागा ठेवलेली असते. ती थडथड होते ना, तिथं मुद्दाम फट ठेवलेली असते. उन्हात पूल फुगतो, थंडीत आखडतो. फट नसती तर तो कुठं गेला असता? पूल अगदी घट्ट आवळून बांधला ना, तर तोच तडकतो. थांबा, तुम्हाला दाखवते!"

तिनं सोफ्यावरच्या उशा ओढल्या, पुस्तकं आणली, स्वयंपाकघरातून पोळपाट-लाटणं आणलं. बघता बघता सरांच्या छातीपासून सोफ्यापर्यंत एक पूल उभा राहिला. त्याच्या एका टोकाचा खांब म्हणजे सर स्वतःच! "हलू नका हं," ती म्हणाली. "आता बघा, वारा इकडून आला, की हा मधला भाग आधी वर उचलला जातो…"

ती बोलत होती. वाक्यामागून वाक्यं, कर्ता, कर्म, क्रियापदासकट. भार, ताण, झुला, झोका. कुठल्याशा लांबच्या देशातला पूल कसा डुलत डुलत कोसळला, आणि त्यावर अडकलेल्या गाडीचा दरवाजा कसा उघडेना, हे ती हातवारे करून सांगत होती. सर पंख्याकडं बघत ऐकत होते. मध्येच "मग?" म्हणत होते, मध्येच "अरेरे!" म्हणत होते, आणि हे "अरेरे!" कुणाला खूश करायला म्हटलेलं नव्हतं.

फक्त एकच अडचण होती. ती त्यांना डॉक्टर आला तेव्हापासूनच जाणवत होती, आणि आता तर डोळ्यांतून पाणी यायच्या बेताला आली होती. सरांना बाथरूमला जायचं होतं! पण बोलायचं कसं? बोललं तर पोरीची तार तुटेल. हललं तर पूल पडेल. त्यांनी दातांवर दात दाबले, डोळे मिटले आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "बरं, मग पुढं काय झालं?"

"हा तर पहिलाच झाला, बाबा," खारूनं उत्साहानं मांडी ठोकली. "अजून कितीतरी पूल पडायचेत!"